घाटाखाली आणलेला विस्तव

प्रिय अक्का,

मी, दगडू नारायण जगदाळे, वय वर्षे ब्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा केळीची बागायत, राहणार निर्मळ, तुला कळवितो की काल तुझा तेरावा यथाविधी पार पडला. आज चूल पेटवायची आहे आणि माझा हात काडेपेटीकडे जात नाही. म्हणून हे पत्र.

तू गेलीस त्या दिवशी रिवाजाप्रमाणे चूल पेटली नाही आणि तू राखेखाली जपलेला निखारा थंड झाला. सूनबाई म्हणते, “आप्पा, काडी ओढली की झालं! नाहीतर गॅस आहेच.” तिला मी काय सांगावे?

दुष्काळात आपण देशावरचे गाव सोडले, तेव्हा मी सहा वर्षांचा व तू दहा. आईने चुलीतले निखारे राखेसह मडक्यात भरून तुझ्या डोक्यावर दिले. “नव्या गावी आपलाच इस्तू पाहिजे.” पश्चिमेची वाट! दुपार कलली की ऊन थेट डोळ्यांत शिरे. पायांना फोड, पोटात भूक, आणि तू वाटेत शेणी वेचून मडक्याला लेकरासारखी भरवीत होतीस.

घाटात मला हुडहुडी भरली, तेव्हा ते मडके तू माझ्या पोटाशी धरलेस. तळहात पोळले, ते कुणालाही कळू दिले नाहीस. असे का केलेस, अक्का? मी म्हणालो, “मला दे मडकं.” तू म्हणालीस, “गप! तुला नाक पुसता येत नाही अजून!” हा अपमान मी आजतागायत विसरलेलो नाही.

आणि खाडी दिसली तो दिवस! “आबा, पाणी! केवढं पाणी!” आपण दोघे धावलो, ओंजळी भरभरून प्यालो आणि ओकलो. आबांनी हाकत आणलेल्या बैलांनी मात्र नुसते हुंगून तोंड फिरवले. काठावर माणकी मावशी, तेव्हा अनोळखी, पोट धरून हसली. “गो पोरी, बैलास कळतं, तुला नाय? खारं पानी ते! चल, आमच्या तळ्याचं, बावखलाचं गोडं पानी देते.” मग मडक्यात डोकावून म्हणाली, “इस्तव? दे गो थोडा, माझी चूल इझलीय.”

आपली येथील पहिली ओळख ती. पुढे ज्या घरची चूल विझे, ते घर दुसऱ्याकडून निखारा नेई.

एवढे लिहीत असतानाच मावशीची नात सुमन कौलाच्या तुकड्यावर निखारे घेऊन दारात उभी राहिली. “आप्पा, काडी नका ओढू. दिवाळीत आमची इझली, तवा अक्कानंच दिलेला हा. तुमचाच हाय, घ्या.”

अक्का, मी तो कौलाचा तुकडा दोन्ही हातांनी घेतला आणि निखारे चुलीत ठेवले.

यापुढे रोज राखेखाली निखारा मी स्वतः झाकीन, आणि जाण्यापूर्वी सूनबाईला शिकवीन, हे वचन देतो. मडके आता माझ्याकडे आले आहे. नाक मी पुसले आहे.

तुझा धाकटा भाऊ,
दगडू

चूल पेटताना समक्ष हजर: सुमन, माणकी मावशीची नात. सूनबाई, धुराने डोळे चोळीत.