नव्या पेटीवर दोन्ही चालतं

ता. १४, मंगळवार, सकाळ

सूनबाईस आशीर्वाद, भिंगरीला आजीचा पापा. तिचा खोकला गेला का? मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चौथीतच शाळा सुटली, तेव्हा बहिणीकडून वाचून घे. नको. तूच वाच, एकटीने.

बातमी अशी, की न्हाणीत विजेवर तापणारा शॉवर बसवला. खुंटी फिरवली की वरून कढत पाणी. बादल्या वाहणं संपलं.

पण फ्यूजच्या जुन्या पेटीला तो झेपणार नव्हता. वायरमनने ती उघडली आणि कपाळाला हात लावला. तू गेल्यावर आमच्या चिरंजीवांनी फ्यूजमध्ये करंगळीएवढी तार कोंबलेली, पुन्हा उडायला नको म्हणून. मागची भिंत काळी पडलेली.

"आजी, फ्यूज उडतो तो घर वाचवायला. ही अक्कल कुणाची?"

"माझ्याच पोटची," म्हटलं.

त्याने लोखंडी पेटी उतरवून टेबलावर ठेवली. मीटरपासून नवी वायर ओढली, नवी पेटी लावली. शॉवरला वेगळा खटका, स्वयंपाकघराला वेगळा. शेवटचा स्क्रू पिळत होता, तेवढ्यात चिरंजीव कामावरून लवकर टपकले.

"कुणाला विचारून?"

"घर माझ्या नावावर आहे. मलाच विचारलं, मीच हो म्हटलं."

"त्या भवानीला परत आणायला थाट चाललाय होय!"

माझ्यावर हात टाकता येईना, म्हणून वायरमनला स्टुलावरून खेचलं. डोकं भिंतीवर आपटलं, एकदा नाही, तीनदा. छातीवर गुडघा रोवला, पक्कड उगारली. त्या माणसाचा दात माझ्या चपलेपाशी येऊन पडला.

मी टेबलावरची जुनी पेटी उचलली आणि चिरंजीवांच्या मनगटावर घातली. हाड मोडलं ते ऐकू आलं. मग दुसऱ्यांदा घातली, खांद्यावर. लहानपणी रडायचा तसाच रडला. मला काही वाटलं नाही.

आता तो दवाखान्यात आहे, वायरमनला टाके पडले. पोलीसबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पहिला घाव कळला, दुसरा कशाला?" त्याचं उत्तर तुझं आहे, म्हणून तुला लिहिते.

शुक्रवारी त्याला घरी सोडतात. त्याआधी तू जबाब दिलास तर दवाखान्यातून थेट कोठडीत, असं बाई म्हणाल्या. नाहीतर तो तुझ्या बहिणीच्या दारात येईल. त्याने तसं दोनदा सांगितलंय, नर्ससमोर. तेव्हा हे वाचलंस की लगेच पोलीस ठाण्यात जा. हात दाखव. पाठही दाखव.

भाजलीस तेव्हा तू डॉक्टरांना म्हणालीस, पाय घसरला, उकळतं पाणी अंगावर सांडलं. ते वाक्य माझं होतं. रिक्षात तुझ्या कानात मीच घोकवलं होतं. ते आता परत घे. मी माझं परत घेतलं.

आणखी एक. चार दिवस झाले, कागद इथवर येतो आणि मी उठून भांडी घासते.

त्या सकाळी तू बादलीत तापवायची कांडी टाकली होतीस. फ्यूज उडाला, पाणी थंड राहिलं. "साधं पाणी तापवता येत नाही!" म्हणत त्याने तुला लाथेने पाडलं, मग गॅसवर पातेलं चढवलं. पाणी उकळेपर्यंत वेळ होता. तुझे केस त्याच्या मुठीत होते. मी दारात उभी होते.

फ्यूज तुझ्यामुळे उडाला नव्हता. मी खोलीत चहासाठी विजेची किटली लावली होती. दोन्ही एकदम झेपत नाही, हे मला ठाऊक होतं. "मी लावली" एवढंच म्हणायचं होतं. मी आत गेले आणि किटली पलंगाखाली सरकवली. तुझं ओरडणं ऐकू आलं तेव्हा मी वायर गुंडाळत होते.

जबाबात किटलीचंही सांग. मला वाचवायला गाळलंस तर खबरदार.

काल वायरमन डोक्याला पट्टी बांधून उरलेला स्क्रू पिळून गेला. तो गेल्यावर मी शॉवर सुरू केला, किटलीही लावली. दोन्ही एकदम. किटली उकळली, पाणी कढत राहिलं, काही उडालं नाही. एवढंच हवं होतं त्या सकाळी.

घराची किल्ली पाकिटात घातली आहे. ये किंवा येऊ नकोस, मी कोण सांगणार. पण ठाण्यात जा.

दारात उभी होती ती,
तुझी सासू