बाजारातले सात मजले

डिचोली, गुरुवार, संध्याकाळ

पालिकेने बोलावलेल्या सभेत आज मी हात वर केला. जुन्या बाजारात सात मजली इमारत हवी म्हणून. हवीच आहे. लेक-जावई म्हापशाला भाड्याच्या एका खोलीत राहतात, इथे घर मिळत नाही. मग माझं काय चुकलं?

पण त्याच जागेवर शिवराम शिंप्याचं दुकान आहे. तीस वर्षं माझे ब्लाउज तोच शिवतो. मागे बसून त्याने माझा वर गेलेला हात पाहिला.

परतताना त्याने दुकानातून हाक मारली आणि ब्लाउजसाठी दिलेलं माझं कापड न कापताच परत दिलं. तोच हात पुढे करून मी ते घेतलं.

"बाई, मी आता गावाक जातंय, सावंतवाडीक."

"रागावलास, शिवराम?"

"राग नाय. तुमच्या चेडवाक घर व्हया, ता खरा. पण माका आदी सांगूक व्हया होता."

खरंच आहे, आधी सांगायला हवं होतं. आठवडाभर त्याच्या दुकानावरून गेले, एकदाही थांबले नाही. धीरच झाला नाही.

आत्ताच लेकीचा फोन आला. "आई, मंजूर झालं?" हो म्हटलं. किती हसली ती! मला हुंदका आवरेना, म्हणून दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला.