पंख्यावरून ओळख

धाकटे, सगळ्यात आधी आल्या त्या बाई! अगं, लिहिण्या-वाचण्याच्या वर्गाच्या, मोबाइलातल्या. (आशीर्वाद घे, गुडघ्यांना तेल लाव आणि आधी हे ऐक.) मागोमाग वर्गात माझ्याबरोबर शिकणारे चौकीदारभाऊ. दोघं उंबऱ्यातच थांबले आणि माझ्याकडे न बघता मान वर करून पंख्याकडे बघत राहिले. "हाच तो!" चौकीदारभाऊ ओरडले, "एक पातं वाकडं!" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन महिने मी फोन टेबलावर उताणा ठेवून वर्गाला बसत होते (भिंतीला टेकवला तर घसरतो, आणि घसरला की नात ओरडते). म्हणजे मी केस विंचरून, धुतलेले कपडे घालून हजर, आणि वर्गाला दिसतोय पंखा!

वर्गात म्हणे कुजबुज होती, की अशी कुणी आजी नाहीच, गृहपाठ नातच लिहिते. परीक्षेला बसवायचं तर बाईंना माणूस डोळ्यांनी बघायला हवं. त्यांनी पेन्सिल पुढे केली, "आजी, काहीही लिहा." अगं, रोज पानं भरणारी मी, पण धरायला गेले आणि पेन्सिल सुटून टेबलाखाली! वाटलं, दुसरीत सुटलेली शाळा आज पुन्हा सुटली. तर बाई येऊन शेजारी बसल्या. पेन्सिल उचलून पुन्हा माझ्या हातात दिली. तीन जिने चढून धापा टाकत होत्या बिचाऱ्या. मोबाइलात त्यांना कधी धाप लागत नाही गं. ती ऐकून मला कसा कोण जाणे धीर आला, आणि मी लिहिलं, 'बाई, चहा घेणार का?' बाईंनी खाली लिहिलं, 'हो. साखर कमी.' (चौकीदारभाऊंनी न लिहिताच दोन कप घेतले.)

ता. क. परीक्षेला माझं नाव गेलं!

ता. क. आणखी एक राहिलंच. एकटीला लाज वाटायची, म्हणून वर्गात तुझंही नाव घातलं होतं. नातीचा जुना फोन शेजारी उताणा ठेवायचा आणि नाक चिमटीत धरून तुझी हजेरी द्यायची. तुझा गृहपाठ मी डाव्या हातानं लिहिला (मेलीला माझ्यापेक्षा जास्त गुण!). बाईंनी विचारलं होतं, दोघींचे पंखे सारखे कसे? म्हटलं, बहिणी आहोत, जोडीनं घेतले. आता चौकीदारभाऊ विचारतात, दुसरं वाकडं पातं कुठाय? तेव्हा सूनबाईनं हे वाचून दाखवलं की तशीच निघ. निदान सही शीक, आणि डाव्या हातानंच शीक. तुला बघायला दोघं रविवारी चारला येतो म्हणालेत.