यंत्राने न पकडलेलं टिंब

४ ऑगस्ट १९६९, सोमवार

आकडा कमी निघाला! नदी पासो तालास गावाला फक्त एक मीटर दहा सेंटिमीटर चढणार, असं आमच्या पूर-कचेरीतल्या हिशेबाच्या यंत्राने छापून दिलंय. म्हणजे खालची आळी कोरडी. म्हणजे माझ्या ओतिलियाचं घर कोरडं! औषधांच्या दुकानात धावत जाऊन लेकीला फोन लावला. "बाबा, तुम्ही उगाच जीव जाळता." जाळतोच. इलाज नाही.

तरी जेवताना कोडं सुटेना. नदीच्या वरच्या अंगाला तीन दिवस नुसता कोसळलाय, आणि खाली एवढंच पाणी?

५ ऑगस्ट

चोवीस ठिकाणच्या पावसाचे आकडे कागदावर उतरवले आणि बेरीज केली. चौथीत शाळा सुटली, पण बेरीज येते. यंत्राची बेरीज पाहिली, तर ती एकट्या पहिल्या ठिकाणाची! बाकीचे तेवीस गेले कुठे?

इंजिनिअर लाराल्देबाईंना सांगितलं. हा हिशेब त्यांनीच यंत्राच्या भाषेत लिहिलाय. 'माते' नावाच्या कडू चहाची नळी तोंडातून न काढता म्हणाल्या, "डॉन एलादिओ, चूक असती तर यंत्राने बोंब मारली असती."

यंत्र वाचतं ती कार्डं मी भोकं पाडून तयार करतो; नेलिदा तीच दुसऱ्यांदा टंकून पडताळते, दोन्ही जुळलं की हिरवा दिवा. ती म्हणाली, "माझ्याकडे प्रत्येक कार्डाला हिरवा दिवा लागलाय, म्हाताऱ्या. घरी जा, सूप पी."

गेलो नाही.

६ ऑगस्ट

सापडलं!!

एकशे बारा कार्डं बाईंच्या हस्ताक्षराशी अक्षर न् अक्षर ताडली. चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेत, नजर अजून शाबूत आहे. बाईंनी लिहिलंय: एक, स्वल्पविराम, चोवीस — म्हणजे एकपासून चोवीसपर्यंत सगळे घे. कार्डावर: एक, टिंब, चोवीस.

आणि कार्ड माझ्याच हातचं.

आमच्या देशात दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात, यंत्राला तिथे टिंब लागतं. म्हणून आमच्या खोलीला हुकूम — दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम दिसला की टिंब मारा. मी मारलं. नेलिदानेही तोच हुकूम पाळून टिंबच मारलं, म्हणून हिरवा दिवा!

कार्ड खिशात घालून गप्प बसावं, असं क्षणभर मनात आलं. लिहून ठेवतो, लाज वाटली तरी. मग ओतिलिया डोळ्यांसमोर आली. बाईंच्या टेबलावर कार्ड ठेवलं. "चूक माझी."

बाई खुर्चीत टेकल्या.

"पण यंत्र का बोललं नाही?" मी विचारलं.

"त्याला शब्दांमधली मोकळी जागा दिसत नाही, डॉन एलादिओ. सगळं चिकटवून वाचतं. आणि नवं नाव दिसलं तर 'हे कोण?' म्हणून विचारत नाही. 'चोवीस वेळा कर' हा आख्खा हुकूम त्याला आकडा ठेवायच्या एखाद्या नव्या डब्याचं नाव वाटला. डब्यात एक पूर्णांक चोवीस शतांश टाकले, पहिल्या ठिकाणचा पाऊस तेवढा घेतला, आणि गेलं पुढे." मग हळूच म्हणाल्या, "टिंबाचा हुकूम माझा होता. तुम्ही फक्त पाळलात."

कसली ही भाषा! छापखान्यात अनोळखी शब्द आला तर गाढवसुद्धा थांबून विचारायचं.

नवं कार्ड पाडलं. माझ्याच हाताने, स्वल्पविराम देऊन. यंत्र पुन्हा चाललं — चार मीटर ऐंशी! बाईंनी स्वतःच्या सहीने तार धाडली: खालची आळी आजच रिकामी करा. नेलिदाने माझ्या टकलाचा मुका घेतला. "म्हाताऱ्या, तू यंत्राला हरवलंस!" आयुष्यात असा दिवस आला नव्हता.

७ ऑगस्ट

आळीतली सगळी माणसं टेकडीवरच्या शाळेत गेली. शाळेच्या फोनवरून ओतिलिया कडाडली, "बाबा, इथे आभाळ निळंशार आहे! लोक मला विचारतात, तुझ्या बापाचं डोकं फिरलंय का?"

पूर नदीच्या वरच्या अंगाने येतोय ग बाई, आभाळातून नाही. किती वेळा सांगू!

८ ऑगस्ट

नदी जागची हलली नाही. काही माणसं सामान घेऊन परत घरी निघालीत म्हणे. ओतिलियासुद्धा उद्या दुपारी उतरणार. बाईंना मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. बाहेर येऊन म्हणाल्या, "उद्यापर्यंत पाणी आलं नाही, तर आपण दोघं बाजारात भोपळे विकू." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. बेरीज चार वेळा पुन्हा केली. तीच येते. देवा, पूर यावा म्हणून प्रार्थना करणारा मी कसला बाप!

९ ऑगस्ट

पाणी आलं. पहाटे, कोरड्या आभाळाखाली. चार मीटर सत्त्याहत्तर. ओतिलियाच्या घराचा पत्राही दिसत नाही.

शाळेच्या फोनवरून ती एवढंच म्हणाली, "बाबा, उतरलेलेही वेळेत वर पळून आले." तिच्या मागे शाळाभर माणसांचा गलका चालला होता. फोन तुटेपर्यंत मी तो ऐकत उभा राहिलो.