सिउनेचं नाव का नव्हतं

दिलू, माझ्या भांडखोर धाकटे,

हे पत्र चुलीत घालशीलच, पण आधी वाच.

शनिवारी रेडिओवर रग्बीच्या फायनलला तुझ्या लेकाचं, सिउनेचं नाव आलं नाही. तू खड्ड्यात रताळी भाजून अख्खं गाव जमवलं असशील. ते नाव कोच म्हणून माझ्या लेकानं, काउपानंच गाळलं. आपल्यात भावाला असं कुणी बाहेर बसवत नाही, ठाऊक आहे मला. शिव्या मलाच दे.

आधीच्या मॅचला सिउनेच्या डोक्याला मार लागला होता. आता बरा आहे, माझ्या ताटातलं मटण पळवतो. तुझी डुकरीण व्याली का?

फायनलच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, इथं इंग्लंडात सरावाच्या वेळी एवढं धुकं पडलं, की पोरं त्यात पळत शिरायची नि नुसता चेंडू परत यायचा. आपल्या डोंगरावरच बसलेय असं वाटलं. काउपाला म्हटलं, "अरे, मावशी काय म्हणेल? तू नाही का डोकं फुटलं तरी खेळलास? मीच ओरडत होते, ऊठ, ऊठ!"

"कधी गं?"

"तुझ्या पहिल्या फायनलला! तूच जिंकून दिलीस. बाबा नाचले होते."

तो धुक्याकडे बघत हसला. "कसे नाचले गं आई? मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही."

मग मी तिथंच नाचून दाखवलं. पोरं खिदळली. सिउनेचा विषय मात्र मी पुन्हा काढला नाही.

गुडघे धरून बसलेली,
तुझी ताई