अँसेल्मचा रिकामा डबा

मी, गर्ट्रूड मेरी डाल्टन, वय एकोणऐंशी, निवृत्त पोस्टमास्तरीण, राहणार केरीन्स कोव्ह, न्यूफाउंडलंड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. रागात आहे, पण तो राग घर तापवायच्या तेलाच्या दरावर आहे. त्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, हे वकिलांना विचारून घेतले आहे. पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

१. घर माझी बहीण फिलोमिना हिला, ती हयात असेपर्यंत. माझ्या पश्चात हीटर वीस अंशांखाली आणू नये. दर गुरुवारी रेडिओवर तेलाचा नवा भाव ऐकला की मी तो एकेक अंश उतरवत गेले, चौदापर्यंत. ती तीन स्वेटर घालून जपमाळ ओढायची. दोष दराचा, आणि माझाही.

२. फिलोमिनानंतर घर, आणि मोटार माझ्यामागे लगेच, भाचा सिरिल याला. दर रविवारी त्याने तिला चर्चच्या प्रार्थनेला, मिसेला, न्यावे. पेट्रोल महागले ही सबब चालणार नाही. बर्फावर हौसेने पळवतो ती गाडी काही पाणी पिऊन चालत नाही.

३. वडिलांची होडी शेजारी अँसेल्म केरीन याला. तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, तो मला आमच्या तेलाच्या टाकीपाशी डबा घेऊन दिसला. मी भर रस्त्यात त्याला चोर म्हटले. तो एवढेच म्हणाला, "डबा रिकामा आहे, गर्टे." चोर रिकामा डबा घेऊन परत जात नाही, हे नन्सकडे आठ वर्षे गणित शिकूनही मला सुचले नाही. मी त्याच्याशी बोलणे टाकले.

गेल्या महिन्यात फिलोमिनाने तोंड उघडले: "अगं, तो आपल्या टाकीत स्वतःचं तेल ओतायला यायचा, म्हणजे तू बाहेर असताना मी हीटर वाढवला तरी टाकी उतरलेली दिसायची नाही! थंडी वाजते म्हणून मीच त्याला मिसेनंतर सांगितलं होतं. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती."

अँसेल्म, माझे चुकले.

४. कलम ३ मधील होडी रद्द, तीही सिरिलला. आज अँसेल्मला बोलावून ते कलम वाचून दाखवले.

"होडी घेतली तर साक्षीदार म्हणून सही करता येते?" त्याने विचारले.

"नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, तो साक्षीदार चालत नाही."

"मग ठेव तुझी होडी. तू चूक कबूल केलीस, त्याच्याखाली माझी सही हवी. आणि आधी तो हीटर वाढव गं बाई, बोटं वाकत नाहीत."

वीसवर केला आहे.

सही: गर्ट्रूड मेरी डाल्टन

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. अँसेल्म केरीन, शेजारी (याच्याच हट्टाने याला काहीही दिलेले नाही)
२. मर्टल टोबिन, पोस्ट ऑफिस

केरीन्स कोव्ह, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४. दर आज पुन्हा वाढला.