ओटिलियाच्या डोक्याचं माप

शुक्रवार, ४ डिसेंबर १९४२
पहिली आली ती रोझीना, जुन्या गावापासूनची शेजारीण. आधी तिचं नाक आलं, मागून ती, हातात पाव आणि मीठ. नव्या घरी पाव-मीठ न्यायची आपली बेसाराबियातली, काळ्या समुद्राकडच्या जुन्या मुलखातली रीत, पोलंडात येऊनही मोडली नाही हो तिनं. म्हणे, सालोमे, तुला घर मिळालं अन् मला गळकं छप्पर आणि सासू, दोन्ही रात्रभर टिपटिप करतात. मी हसून बेजार.

दोन वर्षं छावण्यांत काढली. जर्मनीच्या सरकारनं आम्हा बाहेरच्या जर्मनांना बोलावून घेतलं आणि शब्द पाळला. तीन खोल्या, गाय, विहीर. ओटिलियाला, माझ्या नातीला, कुठं ठेवू कुठं नको झालंय. सात वर्षांची पोर. बोलत नाही, अधूनमधून फीट येते, पण हसते अशी की लोणी वितळावं. आई छावणीतच वारली, बाप रशियात लढतोय. आता तिचं सगळं मीच.

घरात शिरलो तर चूल ऊनच होती. काठवटीत पीठ फुगून वर आलेलं. वाया कशाला घालवा, पाव भाजले. छान झाले.

रविवार, ६ डिसेंबर
गाय मला पान्हा सोडत नाही, लाथ मारते. रोझीना म्हणाली, मालकिणीला शोधत असेल. आम्ही आलो त्याच पहाटे शिपायांनी या घरातल्या पोलिशांना उठवून बर्फात हाकललं म्हणे. मी विचारलं, पोराबाळांसकट? तर म्हणते, अगं, त्यांना काय आपल्यासारखी थंडी वाजते? हलकं रक्त ते. पक्षाचे साहेब सभेत सांगतात, त्यांना माणूस समजलं की आपला हात थरथरतो, म्हणून समजायचंच नाही. मी मान हलवली. साहेब शिकलेले, आपण काय.

गुरुवार, १० डिसेंबर
आज पाहुणे. एक साहेब, एक नर्सबाई. बूट पुसून आत आले. रक्त किती शुद्ध ते बघायला लोखंडी चिमट्यानं आमची डोकी मोजली. माझ्या डोक्याची तारीफ झाली, या वयात. ओटिलियाला चिमटा खेळणंच वाटला. मग तिला तिथंच फीट आली. साहेबांनी तिला धरलं नाही, घड्याळ बघत राहिले. म्हणाले, आजीबाई, तुम्हाला हा भार कशाला, मुलांचा दवाखाना आहे, पुढच्या गुरुवारी गाडी आणतो. जाताना दार हळूच लावलं.

आता पोरीला औषध मिळेल.

शनिवार, १२ डिसेंबर
रोझीनाला आनंदानं सांगितलं. तिनं उठून दार लावलं. मग म्हणाली, माझ्या बहिणीचा मुलगा लंगडा होता, त्यालाही असाच दवाखाना मिळाला. महिन्याभरात निरोप आला, न्यूमोनिया. त्याच गावच्या आणखी दोन पोरांनाही न्यूमोनिया. भर उन्हाळ्यात.

मी म्हटलं, पण आपण तर त्यांच्यातलेच ना? म्हणाली, त्यांच्यातले कोण ते चिमटा ठरवतो, सालोमे.

मंगळवार, १५ डिसेंबर
गोठ्यात गवताखाली फळी. खाली खड्डा, लहान पोर मावेल एवढा. आत गोधडी, लाकडी चमचा. म्हणजे या घरच्या त्या पोलिश बाईनंही इथं — आपलं पोर — मग ते कुठं —

तिनं भिजवलेल्या पिठाचा पाव मी खाल्ला. वर हलक्या रक्ताच्या बोलण्यावर मान हलवली.

बुधवार
ओटिलियाला, माझ्या ओटीला, खड्ड्यात बसवून पाहिलं. बोलत नाही हे बरंच. पण फीट आली की टाचा फळीवर आपटतात, अंगणात ऐकू येतं. गोधडी घट्ट कोंबायला हवी. पळावं तर सगळीकडे आमचेच शिपाई. आमचेच, लिहिलं बघ मी.

गुरुवार
गाडी दिसताच ओटीला खड्ड्यात घालून गोधडी घट्ट कोंबली, वर फळी. गाडी आली. सांगितलं, पोरगी रविवारी मेली. साहेब म्हणाले, वाईट झालं. नर्सबाई कपाटं उघडत होती. शिपाई गोठ्यात गेले, गाईनं लाथ घातली, शिव्या देत परतले. साहेब हसले. जाताना म्हणाले, शनिवारी थडगं दाखवा, उघडून बघू.

गेले. पुलापलीकडे जाऊ देत, मग फळी काढते —

शनिवार म्हणाले. तोवर रोझीनाला विचारून कुठं तरी —

शहाणी माझी ओटी. एवढे बूट डोक्यावरून फिरले, पण एकदा टाच आपटली नाही. गोठ्यात जाऊन हाक मारली तरी गप्प. इतकी गप्प की —